टूरिंग सायकल घेताना फ्रेमच्या तक्त्यात काय पाहायचं (चेनस्टे! चेनस्टे!)

कंपनी देते तो फ्रेमच्या मापांचा तक्ता उघडला की पहिलं बोट चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) ओळीवर. मागच्या खरेदीत रंग पाहिला, वजन पाहिलं, गिअर पाहिले. ही एक ओळ राहिली. तिच्याकडे पुन्हा येऊच.

आधी घरचं काम. सध्याची जी सायकल अंगाला बसते ती भिंतीला टेकवून टेप लावा : बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फ्रेममध्ये फिरते त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, जमिनीपासून हँडलपर्यंत. क्रँकची लांबी क्रँकच्याच आतल्या बाजूला कोरलेली असते. हे चार आकडे हातात नसतील तर तक्ते उघडूच नका, तुलना कशाशी करणार? साइझचं नाव तर वाचायचंच नाही. एका कंपनीचा ‘एम’ दुसरीकडे ‘एस’ निघतो.

मग स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, हँडल जिच्यातून फिरतं) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅक वेगवेगळे असताना नुसते रीच शेजारी ठेवून निकाल लावायचा नाही, इथेच लोक फसतात. एका फ्रेमचा स्टॅक ५८० मिमी, रीच ३८०. दुसरीचा ६१० आणि ३७५. दुसरी आखूड वाटते ना? पण टूरिंगला हँडल उंच लागतं, म्हणजे पहिलीवर ३० मिमीचे स्पेसर (हँडलखाली घालायच्या कड्या) चढणार. हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) ७२ अंश असेल तर दर १० मिमी उंचीमागे हँडल साधारण ३ मिमी मागे सरकतं. पहिलीचा रीच झाला ३७० च्या आसपास, आणि ‘आखूड’ वाटलेली दुसरी प्रत्यक्षात चार-पाच मिमी लांब निघाली. म्हणून आधी दोघींना एका उंचीवर आणा, मग रीच ताडा. इफेक्टिव्ह टॉप ट्यूबवर (हेड ट्यूबच्या माथ्यापासून सीटच्या दांड्यापर्यंतच्या आडव्या अंतरावर) विसंबायचं असेल तर सीट ट्यूबचा कोनही बघा : सीट ७०० मिमी उंच असेल तर एका अंशाने ती सुमारे १२ मिमी पुढेमागे होते. आणि सरळ हँडलसाठी आखलेल्या फ्रेमचा रीच मुळातच मोठा ठेवलेला असतो. तिची तुलना ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलच्या फ्रेमशी करू नका, आणि नंतर ड्रॉप हँडल बसवून घेऊ असा बेत तर मुळीच नको, हात ताणून खांदे भरून येतील.

आता चेनस्टे. बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या धुरीपर्यंतची लांबी. रेसच्या सायकलींना ही ४०५-४१५ मिमी असते, ग्रॅव्हलला (कच्च्या रस्त्याच्या सायकलींना) ४२०-४३५, खऱ्या टूरिंगला ४४० च्या वर. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या टूरिंग सायकलला ४६० होती, ती उगाच नव्हे. हिशोब करा. नऊ नंबरचा बूट बाहेरून साधारण ३०० मिमी. चवडा पेडलच्या धुरीवर ठेवला की टाच तिच्या मागे १९५ मिमीवर येते. त्यात १७० ची क्रँक मिळवा : क्रँक मागे आडवी असताना टाच बॉटम ब्रॅकेटच्या ३६५ मिमी मागे. चेनस्टे तिरका असल्याने आडवं अंतर आणखी सहा-सात मिमी कमी भरतं, म्हणजे ४३० च्या फ्रेमला चाकाची धुरी ४२३ वर. टाच ते धुरी जागा उरली ५८ मिमी. ४६० च्या फ्रेमला तीच ८८-८९. कॅरिअरला लटकवलेली बॅग टाचेच्या उंचीवर धुरीच्या जेवढी पुढे येते, ती या जागेत मावली पाहिजे. नाही मावली तर प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेवर ठप्, ठप्, ठप्. मिनिटाला ऐंशी वेळा.

‘बॅग मागे सरकवू’ हे उत्तर नाही. वजन धुरीच्या मागे गेलं की शेपूट हलतं आणि घाटात पुढचं चाक हलकं होतं. ‘पाय पुढे घेऊ’ हेही नाही, गुडघे बोलायला लागतात. लांबी फ्रेममध्येच हवी, नंतर वाढवता येत नाही. खात्री करायची तर फरशीवर खडूने बॉटम ब्रॅकेट आणि धुरी आखा, बॅग धुरीच्या जागी आडवी ठेवा, बूट मोजून मांडा. दहा मिनिटं लागतात. आणि बूट प्रवासात घालणार तोच घ्या. चप्पल मांडून मोजाल तर फसाल.

पुढची बाजू. फक्त हेड अँगल वाचून उपयोग नाही, फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) ऑफसेटही लागतो, म्हणजे चाकाची धुरी हँडल फिरण्याच्या रेषेच्या किती पुढे आहे ते. दोन्ही मिळून ट्रेल ठरतो : ती रेष जमिनीला जिथे भिडते तिथून टायर जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर. चाकाची त्रिज्या ३४०, हेड अँगल ७२, ऑफसेट ४५ असेल तर ट्रेल ६३. ऑफसेट ५० केला की ५८. हेड अँगल ७० आणि ऑफसेट ५० असेल तर ७० मिमी. ट्रेल जास्त असेल आणि हँडलला जड बॅग असेल, तर चढावर ताशी सहा-सातच्या वेगाने चाक या बाजूला नाहीतर त्या बाजूला कलंडत राहतं. पुढे सामान लादणार असाल तर हा आकडा पाहाच. (तक्त्यात ऑफसेट दिलेलाच नसतो, असाही अनुभव येईल. दुकानात विचारा.)

बॉटम ब्रॅकेट ड्रॉप (चाकांच्या धुरींच्या रेषेच्या किती खाली बॉटम ब्रॅकेट आहे) : ६५ ते ८० मिमी. ड्रॉप एकटा वाचू नका, टायरसकट वाचा. ७०० बाय ३८ च्या (७०० च्या चाकावर ३८ मिमी रुंद टायरच्या) जागी लहान चाकाचं ६५०बी बाय ४७ घातलं तर सायकल सुमारे १० मिमी खाली बसते. गावोगावचे स्पीडब्रेकर आणि कच्च्या वाटेवरचे दगड हा फरक लगेच दाखवतात.

उंची कमी असणाऱ्यांनी फ्रंट सेंटर (बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या चाकाच्या धुरीपर्यंतचं अंतर) बघा. ६०० च्या खाली आणि वर मडगार्ड, म्हणजे संथ वळणावर बोटं चाकाला लागणार. अशा वेळी ७०० चा हट्ट सोडा, लहान चाक घ्या. २६ इंची म्हणजे ५५९ मिमी रिमची ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळते.

फोर्क बदलायचा विचार असेल तर उंची सारखीच ठेवा. २० मिमी वाढली की हेड अँगल जवळपास एक अंशाने झोपतो. स्टँडओव्हर (वरच्या नळीची जमिनीपासून उंची), बाटलीच्या जागा, मडगार्डची भोकं, टायरला जागा : बघून घ्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ट्रायलला रिकामी सायकल चालवू नका. स्वतःचं कॅरिअर आणि भरलेल्या बॅगा घेऊन जा, दुकानदार वैतागला तरी चालेल. क्रँक हाताने उलटी फिरवा, बूट पेडलवर, टाच आणि बॅग यांच्यामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. नाही गेली? पैसे खिशातच ठेवा आणि पुढचा तक्ता उघडा. चेनस्टेपासून.