आधीच्या मालकाचे देव, ताईत आणि नाल: काढायचे कसे, सोपवायचे कुणाकडे

घराचा ताबा मिळाला की रंगारी यायच्या आधी रिकाम्या घरात एकदा विजेरी घेऊन फिरा. चौकटीची वरची कड, मीटरची पेटी, माळा, ओट्याखालचं कपाट, उंबऱ्याची फट. सामान हलवणाऱ्यांची नजर इथे पोचत नाही. जे सापडेल त्याचा हात लावण्याआधी जागेवरच फोटो काढा: किती उंचीवर, कोणत्या बाजूला, तोंड कुठे. वस्तू कुठल्या परंपरेची हे अनेकदा जागेवरूनच ओळखता येतं. ती काढून पिशवीत टाकली की ती खूण गेली. फोटो आधीच्या मालकाला पाठवा आणि पंधरा दिवस थांबा. पुष्कळदा वस्तू टाकलेली नसते, विसरलेली असते.

मग एकच प्रश्न: पावित्र्य नेमकं कशात आहे? बहुतेक वस्तूंत ते एका भागात असतं, बाकी नुसतं वेष्टन.

याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे ज्यूंची मेझुझा. दारातून आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, साधारण खांद्याइतक्या उंचीवर बोटभर लांबीची डबी, बऱ्याचदा तिरकी बसवलेली. डबी लाकडाची असो की प्लॅस्टिकची, तिला महत्त्व नाही. आतल्या चर्मपत्राच्या गुंडाळीला आहे. त्यावर हिब्रूत 22 ओळींत 713 अक्षरं हाताने लिहिलेली असतात आणि एक अक्षर तुटलं तरी ती बाद ठरते. म्हणून डबी पटाशीने उचकटू नका. रंगाचे थर चढले असतील तर आधी कडेने ब्लेड फिरवा, मग वरचा-खालचा स्क्रू सोडवा. टेपने चिकटवली असेल तर दात साफ करायचा फ्लॉसचा धागा मागून करवतीसारखा चालवा. ड्रायर लावू नका, उष्णतेने चर्मपत्र आकसतं. गुंडाळी उलगडायची नाही. डबीसकट कोरड्या लिफाफ्यात घालून सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात द्या. तिथे ती तपासतात, आणि बाद झालेली रीतसर पुरतात. न्हाणीघर-संडास सोडून आतल्या दारांवरही ती असू शकते, तेव्हा एक सापडली म्हणजे शोध संपला असं नाही.

कुराणातल्या आयतीच्या तसबिरीतही चौकट आणि काच साधीच, मजकूर महत्त्वाचा. ती जमिनीवर टेकवून ठेवू नका. मशिदीत विचारा, तिथे सोय नसेल तर मजकूर स्वच्छ कापडात गुंडाळून, जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरतात. शिवलेला ताईत उसवून बघायचा मोह आवरा.

ख्रिस्ती घरात आशीर्वादित तीर्थाची बाटली असेल तर पाणी मोरीत नाही, मातीत ओता. आशीर्वादित झावळ्या जाळून राख मातीत मिसळा. दारावर घराच्या आशीर्वादाची खूण म्हणून खडूने लिहिलेलं 20+सी+एम+बी आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे दिसले तर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. खडूच्या भुकटीवर रंग धरत नाही. बाग खणताना डोकं खाली असलेली छोटी मूर्ती निघाली तर दचकू नका. घर लवकर विकलं जावं म्हणून काही जण संत जोसेफला असं पुरतात. विक्रीनंतर त्याला उकरून सोबत न्यायचं असतं, पण ते राहून जातं.

हिंदू मूर्तींचं खरं दुखणं प्लॅस्टर ऑफ पॅरिस. उत्तरपूजा करून, अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली की विधी झाला; पण हे प्लॅस्टर साध्या पाण्यात विरघळत नाही. झाडाखाली ठेवणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या दारात नेणं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर काढलेला उपाय घरी जमतो. प्लॅस्टिकच्या बादलीत मूर्ती बुडेल इतकं पाणी, त्यात मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट. खाण्याचा सोडा नव्हे. बादली उघड्यावर ठेवा, अमोनियाचा वास येतो. दर दोन-तीन तासांनी ढवळत राहा. लहान मूर्तीला साधारण दोन दिवस लागतात. ऑइलपेंटचा जाड थर द्रावण आत जाऊ देत नाही, म्हणून तळाचा भाग आधी खरवडून घ्या. खाली चुन्यासारखा गाळ बसतो. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खतच. भरपूर पाणी घालून झाडांना चालतं.

भिंतीत सिमेंटने बसवलेली देवाची टाइल थेट उपटायला गेलात तर ती तडकणारच. चारी बाजूंचं ग्राऊट, म्हणजे सांध्यातला भराव, कापा, शेजारची एक साधी टाइल फोडून जागा करा आणि तिथून पातळ छिन्नी मागे सरकवा. एक टाइल गमवावीच लागते.

घोड्याची नाल, नजरेचा मणी यांना असे धार्मिक नियम नाहीत. नालेचा खिळा काढताना पकडीखाली लाकडी पट्टी ठेवा, नाहीतर प्लॅस्टरचा पोपडा निघेल.

फरशी फोडताना, विशेषतः आग्नेय कोपऱ्यात, छोटी डबी किंवा धातूची प्रतिमा निघाली तर ती वास्तुशांतीत पुरलेली असण्याची शक्यता मोठी. ती तिथेच परत ठेवायची असेल तर पुढचं काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रीला जागा दाखवा आणि खडूने खूण करा, नाहीतर ती राडारोड्याबरोबर गोणीत जाईल.