लाकडी डेकसाठी प्रेशर वॉशर कसा निवडावा?

आमच्या टेरेसवरच्या सागवानी डेकवर सात-आठ नागमोडी ओरखडे आहेत, मांजराने नखं ओढावीत तसे. ते मीच पाडलेत, गाड्या धुवायचं मशीन, म्हणजे प्रेशर वॉशर, भाड्याने आणून, दहा मिनिटांत. लाकडातल्या गडद रेषा कठीण असतात आणि मधला फिकट भाग मऊ. जोराचा झोत आधी तो मऊ भाग खातो. शेवाळ निघालं म्हणून मी खूश होतो. डेक वाळल्यावर कळलं की शेवाळाबरोबर लाकूडही गेलंय.

तेव्हा मशीन बघायच्या आधी डेक बघा. बाल्कनीत फूटभर बाय फूटभराच्या, एकमेकींत अडकणाऱ्या लाकडी टाइल्स असतील तर मशीन घेऊच नका. टाइल्स उचला, खालचा कचरा झाडा, नायलॉनच्या ब्रशने घासा. एका सकाळचं काम आहे. मोठ्या टेरेसवर किंवा बंगल्याच्या अंगणात फळ्यांचा पक्का डेक असेल, तरच पुढचं वाचा.

आता स्क्रू ड्रायव्हरचं टोक फळ्यांवर जागोजागी दाबून बघा, विशेषतः कुंड्यांखाली आणि फळ्यांच्या टोकांना. टोक सहज आत गेलं तर ती फळी कुजली आहे किंवा वाळवीने पोखरली आहे. तिला पाण्याचा झोत नको, सुतार हवा. वर आलेले स्क्रू आवळून घ्या. डेक डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनवलेल्या फळ्यांचा असेल, तर किती दाब चालेल हे बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनांतच बघा.

यानंतर दाब. तो बार किंवा पीएसआय या एककांत मोजतात. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानात विचारलंत, तर पहिला प्रश्न येईल, “किती बारचं दाखवू?” आणि जास्त बारचं मशीन आधी पुढे येईल. गाडीच्या चिखलासाठी ते ठीक. लाकडासाठी हिशेब उलटा करायचा. पाइनसारख्या मऊ लाकडाला ३५ ते ४० बार, म्हणजे ५००-६०० पीएसआय पुरतात. सागवानासारख्या कठीण लाकडालाही ८० बारच्या पुढे जायचं कारण नाही. घरगुती विजेची मशीनं बहुधा १०० ते १३० बारची असतात, म्हणजे सगळ्यात लहान मशीनसुद्धा तुमच्या गरजेपेक्षा दांडगं आहे. खोक्यावर ठळक छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. कामाचा दाब वेगळा आणि कमी असतो, तो बारीक अक्षरांत शोधा. पेट्रोलवर चालणारी मशीनं घरच्या डेकसाठी विसरा.

माझ्या मते मोटरपेक्षा गनचं टोक, म्हणजे नोझल, जास्त महत्त्वाचं. ज्या मशीनला फिरवून दाब कमी-जास्त करता येणारी लान्स (गनच्या पुढची लांब नळी) आहे किंवा बदलायची नोझल्स मिळतात, तेच घ्या. नोझल्सना रंग असतात: लाल ० अंश, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, आणि काळं साबणाच्या पाण्यासाठी. एक फुटावरून ४० अंशांचा झोत साधारण २२ सेंटिमीटर रुंद पडतो, २५ अंशांचा १३. लाल नोझलचा जवळजवळ एका बिंदूत. मोटर तीच, पाणी तेच. पण सगळा जोर एका ठिपक्यावर आला की फळी कोरली जाते. लाकडाला पांढरं, अगदीच चिवट शेवाळाला हिरवं. गरगर फिरणाऱ्या झोताचं टर्बो नोझल मशीनबरोबर आलं तर फरशीसाठी वेगळं ठेवा. माझे ओरखडे त्याचेच.

पुण्यात पाण्याचाही विचार करावा लागतो. ही मशीनं मिनिटाला साधारण ६ लिटर पाणी घेतात. टेरेसवरच्या नळाला, वरच्या टाकीची उंची कमी म्हणून, बऱ्याचदा धारच नसते. म्हणून बादलीतून किंवा ड्रममधून स्वतः पाणी ओढणारं मशीन बघा, आणि पाणी आत शिरतं तिथे जाळी आहे ना तेही. टँकरच्या पाण्यातली वाळू पंपाला भारी पडते.

वीज: १५०० ते १८०० वॉटचं मशीन साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट हवा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असावा. एक्स्टेन्शन लागलंच तर जाड वायरचं घ्या, पूर्ण उलगडा आणि जोड पाण्यापासून लांब, उंचावर ठेवा.

डेक वर्षातून एकदाच धुणार असाल तर मशीन भाड्यानेच आणा, पण नोझल्सचा पूर्ण संच मागून घ्या. “एकच आहे, त्यानेच होतं” असं उत्तर मिळालं तर दुसरं दुकान गाठा.

काम सुरू करताना कोपऱ्यातली एक फळी निवडा. आधी ब्रशने सैल शेवाळ काढा, फळी भिजवा. दोन फुटांवरून सुरुवात करून हळूहळू जवळ या, एक फुटाच्या आत मात्र नाही. गनचा खटका फळीपासून दूर दाबायचा आणि मग झोत चालत्या हातानेच लाकडावर आणायचा. हात नेहमी रेषांच्या दिशेने. एका जागी थांबलात की डाग पडलाच. फळ्यांमधल्या फटीत झोत मारू नका. खाली वॉटरप्रूफिंग आहे, आणि त्याच्या खाली दुसऱ्या कुणाचं तरी छत. खालच्या मजल्यावर आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर त्यांचे वाळत घातलेले कपडे आणि तुमची सोसायटीची मीटिंग दोन्ही ओले होतील.

पायात बंद बूट, डोळ्यांवर गॉगल, आणि लहान मुलं घरात. हा झोत कातडीत घुसू शकतो. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसते, पण पाणी आणि घाण आत पसरते. तसं झालंच तर मलम लावून बघत बसू नका, थेट हॉस्पिटलला जा.

धुतल्यावर किमान दोन कोरडे दिवस जाऊ द्या. लाकडाची लव उभी राहिलेली असते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने रेषांच्या दिशेने घासा, झाडा, आणि मगच तेलाचा हात द्या.