मोठ्या कुटुंबाची थीम पार्कची सहल : निघण्यापूर्वीची तयारी

मुंबईतले एखादे मोठे कुटुंब थीम पार्कला जायचे ठरवते, तेव्हा पहिली यादी बहुधा खाऊची होते आणि दुसरी कपड्यांची. पहिली यादी खरे तर माणसांची करावी आणि प्रत्येक नावापुढे वय, उंची व प्रकृती असे तीन रकाने आखावेत. पंचवीस-तीस जणांच्या गोतावळ्यात सत्तरीच्या आजी असतात, चाळिशीतले काका-मामा असतात, नववी-दहावीतली मुले असतात आणि मांडीवरून अजून न उतरलेले एखादे बाळही असते. या सर्वांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकत्रच हिंडावे हा आग्रह सहलीचा विचका करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून पुढची सगळी तयारी गट पाडून हिंडायचे हे गृहीत धरून सांगितली आहे.

उंचीचा रकाना सर्वांत आधी भरावा. मुलाला चपला-बूट काढून भिंतीला टेकून उभे करावे, डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण करावी आणि सेंटिमीटरमध्ये नोंद घ्यावी. अंदाजाने सांगितलेली उंची येथे उपयोगाची नाही. बऱ्याच पार्कांत मुलांचे तिकीट वयाऐवजी उंचीवर ठरते आणि कोणत्या राइडमध्ये बसता येईल हे तर उंचीवरच ठरते. प्रत्येक राइडच्या तोंडाशी मोजपट्टी रंगवलेली असते आणि तेथील कर्मचारी एका बोटाचीही सवलत देत नाहीत, तशी ती त्यांनी देऊही नये, कारण खांद्यावरून खाली येणारा सुरक्षेचा दांडा ठरावीक उंचीच्या शरीरासाठीच बेतलेला असतो. इमॅजिका या खोपोलीजवळच्या थीम पार्कातल्या नायट्रोसारख्या उलट्या कोलांट्या घेणाऱ्या रोलर कोस्टरची उंचीची अट पार्कच्या संकेतस्थळावर आधीच पाहावी आणि ज्या मुलाला तेथे बसता येणार नाही त्याला ते घरीच, चार दिवस आधी सांगावे. अर्धा तास रांगेत उभे राहिल्यावर नकार ऐकावा लागला की मूल तर रडतेच, पण त्याला समजावण्यात दोन मोठी माणसेही अडकून पडतात.

प्रकृतीच्या रकान्यात हृदयविकार, उच्च रक्तदाब, मणक्याचा किंवा मानेचा त्रास, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, फिट्स येण्याचा इतिहास आणि गरोदरपण यांची नोंद हवी, कारण वेगवान राइडवर या सर्वांना मनाई असते. ही नोंद मात्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागू नये. घरात एखादी सून किंवा लेक अशी असू शकते की जिने गोड बातमी अजून कोणालाच सांगितलेली नाही. त्यामुळे कोणी राइडमध्ये बसले नाही तर त्याचे कारण विचारायचे नाही, एवढा एकच नियम आधी सर्वांना सांगून ठेवावा.

तारीख ठरवताना शाळांची वेळापत्रके आणि पंचांग दोन्ही समोर ठेवावीत. राज्य मंडळाच्या शाळेतल्या मुलांना दिवाळीची सुट्टी लांबलचक असते, इतर मंडळांच्या शाळांत ती बहुधा तोकडी असते. काहींचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते, तर दहावी-बारावीच्या मुलांचे जानेवारीपासून मार्चपर्यंतचे दिवस पूर्व परीक्षा आणि बोर्ड यांतच जातात. मे महिन्यात सगळे मोकळे असतात, पण खोपोलीच्या परिसरातले ऊन वृद्धांना आणि तान्ह्यांना सोसत नाही. जून ते सप्टेंबर पावसाचा जोर असतो आणि विजा कडाडू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवल्या जातात, म्हणजे तिकिटाचे पैसे भरून छताखाली बसण्याची पाळी येते. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला आठवड्यातला एखादा कामाचा दिवस मिळाला तर तो घ्यावा, त्यासाठी मुलांची एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल. संकष्टी आणि एकादशीही कालनिर्णयात पाहून घ्यावी. उपवास असलेल्या आजींना दिवसभर उन्हात हिंडवून चंद्रोदयापर्यंत थांबवणे योग्य नव्हे.

वाहनाचा विचार सविस्तर करायला हवा, कारण सहलीचा निम्मा शीण प्रवासातच येतो. ज्या पिढीने मार्वेच्या जेट्टीवरून बोटीने गोराईचे १९८९ साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड गाठले, तिच्या मनात पार्क म्हणजे शहराच्या कडेलाच असलेली जागा असते. २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका मात्र रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मध्य रेल्वेच्या कर्जत-खोपोली शाखेने खोपोलीपर्यंत लोकल जाते, परंतु गाड्या मोजक्या आहेत आणि स्थानकापासून पुढे पुन्हा वाहन करावे लागते. दोन-चार तरुणांना हा मार्ग परवडेल, आजी-आजोबांसह निघालेल्या तीस जणांना नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने गेल्यास बोरघाट सुरू होण्यापूर्वीच बाहेर पडता येते, त्यामुळे घाट लागत नाही. तरीही शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची रांग खालापूरच्या टोलनाक्याआधीच लागते, हे लक्षात घेऊन निघण्याची वेळ ठरवावी.

एका मोठ्या बसऐवजी सतरा आसनांचे दोन टेम्पो ट्रॅव्हलर करावेत, असा माझा सल्ला आहे. भाडे थोडे वाढेल, पण दुपारी एखाद्या मुलाला ताप भरला किंवा आजोबांना बरे वाटेनासे झाले, तर एक गाडी त्यांना घेऊन परत निघू शकते आणि बाकीच्यांचा दिवस वाया जात नाही. वाहन ठरवताना भाडे कोठपासून मोजले जाणार, दिवसाचे किमान किलोमीटर किती धरले जाणार, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता त्यात धरला आहे की वेगळा, हे लेखी मागून घ्यावे. बहुतेक वाहतूकदार गाडी त्यांच्या गॅरेजमधून सुटल्यापासून परत गॅरेजमध्ये पोचेपर्यंतचे अंतर लावतात; अंधेरीच्या कुटुंबाने भिवंडीची गाडी केली तर हा फरक चांगलाच जाणवतो. दक्षिण मुंबई, परळ किंवा दादर येथील मंडळींसाठी १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सोयीचा आहे, मात्र त्याचा टोल वेगळा पडतो. बोरिवलीची, ठाण्याची आणि डोंबिवलीची माणसे एकाच गाडीत गोळा करत फिरू नये. पश्चिम उपनगरातल्यांची एक गाडी आणि ठाणे-डोंबिवलीकरांची दुसरी अशी विभागणी करून दोन्ही गाड्यांनी कळंबोलीला भेटावे आणि पुढे बरोबर जावे. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनांवर बसवावे, त्यांच्या हाताशी कागदी पिशव्या आणि आलेपाकाच्या वड्या ठेवाव्यात. उलटीवरची गोळी मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

तिकिटे तारखेनुसार ऑनलाइन आधीच काढावीत आणि तारीख बदलण्याचा किंवा पैसे परत मिळण्याचा नियम पैसे भरण्यापूर्वी वाचावा. ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी म्हणून सवलत घेतली असेल तर मूळ ओळखपत्रे एकाच पाकिटात, एकाच जबाबदार माणसाकडे असावीत. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकण्याचा मोह मोठ्या कुटुंबाने टाळावा. पोहण्याचे कपडे नायलॉनचे किंवा लायक्राचेच चालतात, सुती कपड्यांना पाण्यात मनाई असते, आणि कपडे बदलण्याच्या खोलीपाशी वीस माणसांचे दोन वेळा थांबणे म्हणजे दीड-दोन तास गेलेच. पाण्यात जायचेच असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा आणि मंगळसूत्र, पाटल्या, कर्णफुले त्या दिवशी घरीच ठेवावीत.

आता गटांविषयी. उंचीची यादी तयार असली की गट आपोआपच पडतात : सर्व राइडमध्ये बसू शकणारी मोठी मुले व त्यांच्याबरोबरचे उत्साही मामा, मधल्या उंचीची मुले व त्यांचे आईवडील, आणि पाळणे, गोल फिरणारे घोडे व संथ बोटी यांतच रमणारी लहान मुले आजी-आजोबांसह. प्रत्येक गटाला एक प्रमुख असावा, आणि तो वयाने मोठा असण्यापेक्षा ज्याचा मोबाइल दिवसभर चालू राहतो असा असावा. सकाळचा पहिला तास गर्दी कमी असते, म्हणून पहिल्या गटाने आत शिरताच ज्या राइडला सर्वांत लांब रांग लागते तेथे जावे. दुपारी सर्वजण जेवायला वळतात तेव्हा उरलेली मोठी राइड घ्यावी. एकत्र भेटण्याच्या वेळा दोनच ठेवाव्यात, एक जेवणाची आणि दुसरी निघण्यापूर्वीची. आजींनाही सगळ्यांबरोबर काहीतरी पाहता यावे म्हणून जेवणानंतर इमॅजिकातल्या आय फॉर इंडियासारखी बसून पाहण्याची राइड ठेवावी, जिच्यात प्रचंड पडद्यासमोर आसने उचलली जातात आणि देशावरून उडत गेल्याचा भास होतो. उंचीची भीती असणाऱ्यांना मात्र तेही आधी सांगावे. लहान मूल असलेल्या आईवडिलांनी पाळी बदलून राइड घ्यावी आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागेल का, हे प्रवेशद्वारावरच विचारून ठेवावे. बाळ सांभाळायला दिवसभर एकाच मावशीला बसवून ठेवू नये. आपल्याकडे ही जबाबदारी न सांगता ठरावीक बाईवर येते, म्हणून पाळ्या कागदावर लिहाव्यात आणि त्यांत पुरुषांचीही नावे असावीत.

मूल हरवू नये यासाठी सकाळी फाटकापाशीच प्रत्येक मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र काढावे, मनगटावर बॉलपेनने दोन मोबाइल क्रमांक लिहावेत आणि लहान मुलांना आईचे पूर्ण नाव पाठ करून घ्यावे, कारण घाबरलेले मूल नाव विचारल्यावर बहुधा फक्त ‘मम्मी’ म्हणते. गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे जायचे, फाटकाबाहेर पडायचे नाही, हे दोनच नियम त्यांना सांगावेत. आपत्कालीन ११२ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक गटप्रमुखांच्या मोबाइलमध्ये असावेत.

बाहेरचे खाणे आत नेऊ दिले जात नाही, म्हणून डब्यांचे नियोजन गाडीच्या हिशेबाने करावे. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, इडल्या हा नाश्ता फाटकाच्या आधी संपवावा आणि चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, केळी परतीसाठी गाडीतच ठेवावीत. बाळाचे दूध व खिमट आणि मधुमेह असलेल्यांचे मधल्या वेळचे खाणे यांविषयी पार्कला आधी फोन करून विचारावे व औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच कालवावी. अर्धी पुडी अंदाजाने पाण्यात टाकू नये.

प्रत्येक गटाला एकच पाठपिशवी पुरे : टोप्या, मुलांचा एकेक जादा जोड, पॉवर बँक, प्लॅस्टर, ओले कपडे ठेवायची पिशवी. इमॅजिकातल्या पाण्यातून जाणाऱ्या राजासॉरसच्या राइडनंतर तो जादा जोड लागतोच. चपलांऐवजी पट्टी असलेली पादत्राणे किंवा बूट घालावेत.

परतीची वेळ पार्क बंद होण्याच्या वेळेच्या तासभर आधीची ठरवावी, म्हणजे पार्किंगची कोंडी टळते आणि पनवेल, वाशी, मानखुर्द येथील रात्रीच्या वाहतुकीतून वेळेवर सुटता येते. चालकाला दुपारी जेवण आणि झोप मिळाली आहे का, हे निघताना विचारून घ्यावे. गाडी हलण्यापूर्वी गटप्रमुखांनी नावे वाचून हजेरी घ्यावी, नुसती डोकी मोजू नयेत. खर्चाचा हिशेब दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर टाकावा. गाडीचे भाडे माणशी वाटावे आणि तिकीट ज्याचे त्याच्या दराने धरावे. एखाद्या काकांनी सगळ्यांचे जेवण आपल्याकडून दिले असेल, तर ती रक्कम हिशेबात धरू नये आणि त्यांना परत देण्याचा हट्टही धरू नये.