जेकिलमध्ये लेखांची ठरीव माहिती एकदाच कशी भरावी (मराठी-कन्नड साइटसाठी)

कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा बेळगाव परिसरातल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथली भाषणं, कविता, वृत्तांत जेकिलच्या (साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या) साइटवर चढवायचे, तर प्रत्येक लेखाच्या डोक्यावर लेआउट (पानाचा साचा), लेखक, भाषा असं तेच ते लिहावं लागतं, आणि लेख वाढले की कुठेतरी एखादी ओळ राहतेच. २०१४ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून जेकिलमध्ये हे एकाच जागी ठरवून ठेवता येतं.

साइटच्या मुख्य फोल्डरमधली, अंडरस्कोअरने सुरू होणारी ‘कॉन्फिग’ ही यामल फाइल (यामल म्हणजे सेटिंग्ज साध्या ओळींत लिहायची पद्धत) उघडा. पुढचे शब्द इथे देवनागरीत दिलेत. फाइलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे.

आधी ‘डिफॉल्ट्स’ आणि कोलन. खालच्या ओळीवर डॅश देऊन ‘स्कोप’, म्हणजे नियम कोणाला लागू. त्यात ‘पाथ’ला, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याला, रिकामी अवतरणचिन्हं दिली की सगळी साइट आली, ‘टाइप’मध्ये ‘पोस्ट्स’ लिहा. मग स्कोपच्या बरोबर रेषेत ‘व्हॅल्यूज’: लेआउट ‘पोस्ट’, ऑथर ‘संपादक मंडळ’ (हे नाव मात्र देवनागरीतच), लँग ‘एमआर’ (मराठीचा दोन अक्षरी कोड). कोलननंतर एक जागा सोडा. ओळी आत सरकवायला स्पेसच वापरा, टॅब यामलला चालत नाही.

भाषेची ओळ मात्र कधीच गाळू नका. दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर तिच्यावरून आवाज निवडतं. शिवाय मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी. ज्या फॉन्टमध्ये दोन्हींची सोय आहे, तो ‘एमआर’ पाहूनच आपली वळणं दाखवतो. कानडी लेख असतील, तर पोस्ट्सच्या फोल्डरात ‘केएन’ (कन्नडचा कोड) नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा, आणि डिफॉल्ट्समध्ये दुसरा डॅश देऊन त्या पाथसाठी फक्त लँग ‘केएन’ लिहा. लेआउट, लेखक वरच्या नियमातून आपोआप येतात. जास्त नेमका पाथ असलेला नियम वरचढ ठरतो. आणि एखाद्या कवितेच्या डोक्यावर कवीचं नाव लिहिलंत, तर तिथे तेच लागतं.

शीर्षक आणि सारांश इथे देऊ नका. सगळ्या पानांना एकच सारांश लागला, तर सर्चमध्ये कुठलं पान कशाचं हे वाचकाला कळणार नाही.

जेकिलसारख्याच ह्युगो आणि पेलिकन या प्रोग्रामांतही ही सोय आहे: ह्युगोमध्ये हेच काम ‘कॅस्केड’ करतं, पेलिकनमध्ये ‘डिफॉल्ट मेटाडेटा’.

फाइल सेव्ह करा, चालू सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा. कॉन्फिगमधले बदल त्याशिवाय लागू होत नाहीत. मग एक कन्नड लेख उघडून पेज सोर्स पाहा. एचटीएमएल टॅगमध्ये ‘केएन’ दिसायला हवं. ‘ईएन’ (इंग्रजीचा कोड) दिसलं, तर थीमच्या लेआउट फाइलमध्ये भाषा कायमची लिहून ठेवलेली असणार. तिथे दुहेरी महिरपी कंसांत ‘पेज’, टिंब, ‘लँग’ असं घाला.