मांगर पडण्याआधी कागदावर कसा उतरवावा

कोकणातला मांगर, म्हणजे गुरांचा आणि पेंढ्याचा गोठा, एकदा ओस पडला की आधी कौलं सरकतात, मग वासे भिजतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत बसते. पुढे चिरे कुणाच्या तरी गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत, जातात. म्हणून तो उभा असतानाच, मे महिन्यात मोजायला जा. तेव्हा पेंढा संपत आलेला असतो आणि आतली जमीन दिसते. फुरशाची, म्हणजे विषारी सापाची, जागा आहे, पायात बूट हवेत.

फोटो चारी बाजूंनी समोरून काढा, शेजारी मीटरभराची काठी उभी करून. एवढं पुरे. ‘भरपूर फोटो काढले की झालं’ म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. फोटोवरून भिंतीची जाडी कळत नाही.

खरी गोम मोजमापात आहे. माझा पहिला मांगर मी चार भिंती मोजून घरी आणला. समोरासमोरच्या भिंती सारख्या, 9 मीटर आणि 5 मीटर, म्हणून बिनधास्त आयत काढला. मग फोटोतले खांब त्यात काही केल्या बसेनात. पुन्हा जाऊन आतून कर्ण मोजले. आयत असता तर दोन्ही 10.30 मीटर यायला हवे होते. आले 10.62 आणि 9.96. अख्खा मांगर तिरका होता, बांधाच्या कलाने बांधलेला. चार भुजा कितीही अचूक मोजा, त्यांच्यावरून कोन ठरत नाही. एक कर्ण आकार पक्का करतो, दुसरा तुमची चूक पकडतो. काटकोन गृहीत धरणं हा निव्वळ आळस आहे.

कर्णाच्या वाटेत गव्हाण किंवा मधली मेढ (खांब) येणारच. तिथे टेप वाकवू नका. ती मेढच खूण धरा, तिच्यापासून चारही कोपऱ्यांची अंतरं घ्या आणि त्रिकोण जोडत जा. कापडी टेप ताणला जातो, स्टीलचाच घ्या, आणि दुसऱ्या टोकाला माणूस हवा. दारं-खिडक्या सुट्या मोजून बेरीज करू नका, चूक साठत जाते. टेप एकदाच कोपऱ्यापासून ताणा आणि प्रत्येक कडेचा आकडा ओळीने वाचा. भिंतीची जाडी दारात मिळते. कच्चा नकाशा तिथेच बसून काढा. घरी गेल्यावर हमखास एक आकडा कमी पडतो, आणि मांगर तुमची वाट पाहत थांबत नाही.

आढ्यापासून ओळंबा सोडून उंची घ्या, वळचणीचीही.

वयाच्या बाबतीत कौलावर भिस्त ठेवू नका. बासेल मिशनच्या मंगलोरी कौलावरचं 1865 हे कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, तुमच्या कौलाचं नव्हे. शिवाय कौलं बदलली जातात. वाशांवर बिनकामाच्या खाचा दिसल्या तर लाकूड आधीच्या कुठल्या तरी इमारतीतलं असू शकतं, तेही टिपा. घरातल्या आजीला साल विचारू नका. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, असं विचारा. तो 11 डिसेंबर 1967चा.

मालक बहुधा हसतील. ‘मोजतस कित्याक? पाडूचोच आसा,’ असं मला एका काकांनी ऐकवलं होतं. वाद न घालता त्यांनाच टेपचं टोक धरायला द्या. मेढीला, माळ्याला, गुरं बांधायच्या जागेला त्यांच्या घरात काय म्हणतात ते विचारून नकाशावर तेच शब्द लिहा. पक्का नकाशा 1:50 मापात काढा, गावाचं नाव, गट नंबर आणि तारीख घाला, आणि एक प्रत त्यांच्या घरी देऊन या.