स्वतःची लाकडी शेड बांधायचीय? लाकूड कुठून आणायचं, किती आणायचं आणि खांब मातीत का गाडू नयेत

ठाण्यात राहणाऱ्या बऱ्याच जणांची शहापूर, मुरबाड नाहीतर कर्जतकडे थोडीफार जमीन असते, आणि तिथे गेलं की पहिली गरज लागते ती म्हणजे डोक्यावर छप्पर, पॉवर टिलर ठेवायला, पेंढा ठेवायला, आणि पावसात आपण स्वतः उभं राहायला. मग युट्यूबवर अमेरिकन पोल बार्नचे, म्हणजे खांब थेट मातीत गाडून उभारलेल्या शेडचे व्हिडिओ बघायचे, ज्यात दोन माणसं शनिवारी खड्डे खणतात, खांब उभे करतात आणि रविवारी संध्याकाळी पत्रे टाकून मोकळे. मीही बघितले. पहिली छोटी शेड तशीच बांधली, निलगिरीचे आठ खांब, तीन-तीन फूट मातीत, बुडाला डांबर फासून. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका खांबाला पाठ टेकवून चहा पीत बसलो होतो आणि तो हळूच माझ्याबरोबर मागे झुकायला लागला.

तेव्हा दुसरी शेड बांधताना काय केलं ते सांगतो. माप धरूया २० बाय ३० फूट, कारण ही साइज बहुतेकांच्या कामाची आहे.

आधी कागद. लाकूड बघायला जाण्याआधी तलाठी आणि ग्रामसेवकांना जाऊन विचारा की शेतघर किंवा शेतीच्या शेडसाठी तुमच्या गटात काय लागतं, आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. पनवेल-उरण बाजूला असाल तर जागा सिडकोच्या नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र) येते का ते बघा, माथेरानच्या आसपास असाल तर इको-सेन्सिटिव्ह झोन बघा, हा झोन २००३ पासून आहे. यात महिना गेला तरी जाऊ द्या, बांधून झाल्यावर नोटीस येण्यापेक्षा बरं.

आता खांबांचा मुद्दा, कारण लाकडाचा सगळा हिशोब यावरच ठरतो. अमेरिकेत खांब मातीत गाडायची ही पद्धत १९३० च्या दशकात रुळली, आणि तिथे आता खांब म्हणून प्रेशर ट्रीटमेंट केलेलं लाकूड मिळतं, म्हणजे टाकीत घालून दाबाने औषध आत घुसवलेलं. आपण ब्रशने वरून जे फासतो ते जेमतेम कातडीइतकं आत जातं. त्यात आपला पाऊस, चार महिने धो धो आणि मग आठ महिने कडक सुकं. आमचे सुतारदादा म्हणाले, ‘साहेब, लाकूड पाण्यात बुडवून ठेवा, काही होत नाही. ओलं-सुकं, ओलं-सुकं झालं ना, की गेलं.’ अगदी बरोबर आहे, कारण कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात आणि ही दोन्ही एकत्र मिळतात ती जमिनीच्या पातळीला. माझे खांब उपटले तेव्हा तळाचं टोक बऱ्यापैकी शाबूत होतं, जमिनीलगतचा वीतभर भाग मात्र बोटाने उकरता येत होता. वाळवी तिथूनच चढली होती. डांबर होतं की वरून, पण चिरेतून पाणी आत गेलं की तेच डांबर ते बाहेर सुकू देत नाही.

कोकणातली जुनी घरं बघा, खांब मातीत कधीच नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. आपणही तेच करायचं, फक्त तळखडा काँक्रीटचा. २ बाय २ फूट आणि ३ फूट खोल खड्डा, घट्ट मुरूम लागेपर्यंत (भाताच्या खाचरात लागत नसेल तर अजून खाली जावं लागेल), त्यात सळईची छोटी जाळी, वर जमिनीपासून फूटभर उंच खुर्ची म्हणजे काँक्रीटचा छोटा चौथरा, आणि खुर्चीत रोवलेला ६ मिमी जाड पट्टीचा यू आकाराचा लोखंडी बूट. खांब त्या बुटात बसतो, आरपार १२ मिमीचे दोन गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, आणि खांबाच्या बुडाखाली इंचभर फट, पाणी निथळायला. खुर्चीचा माथा थोडा बाहेर उतरता करा.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी मला उशिरा कळली. मातीत गाडलेला खांब स्वतःहून उभा राहतो, बुटातला खांब राहत नाही, तो बिजागरीवर असल्यासारखा हलतो. म्हणजे कुजण्यापासून वाचलो पण डुलण्यात अडकलो. त्याची भरपाई तिरप्या आधारांनी करायची, प्रत्येक खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तीन फुटी तिरका टेकू, लांबीच्याही दिशेने आणि रुंदीच्याही, आणि कोपऱ्यातल्या निदान दोन गाळ्यांत (गाळा म्हणजे दोन खांबांमधली जागा) वरपासून खालपर्यंत तिरप्या आधारांची पूर्ण फुली. हे टेकू सोडू नका, कुणी म्हणालं डोक्याला लागतात तरी सोडू नका.

दुसरी भीती वाऱ्याची. आपण शेड कोसळेल म्हणून घाबरतो पण उघडी शेड खाली पडत नाही, वर उडते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि तौक्ते मे २०२१ ला, दोन्ही वेळा पत्रे कुठे कुठे जाऊन पडले होते आठवून बघा. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, त्याचा दाब निघतो चौरस मीटरला साधारण ११८ किलो, म्हणजे चौरस फुटाला ११ किलो. उंची, उतार, आजूबाजूची झाडं याने आकडा खालीवर होतो पण अंदाज घ्या, कारण ०.५० मिमीचा पत्रा स्वतः चौरस फुटाला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. आढ्याखालच्या मधल्या एका खांबाच्या वाट्याला १०० चौरस फूट छप्पर येतं, म्हणजे ओढ हजार-अकराशे किलोची. वर सांगितलेल्या खड्ड्यातलं काँक्रीट भरतं ८०० किलोच्या आसपास, थोडं छपराचं वजन, उरलेलं भोवतीची माती धरते. म्हणून खड्डा छोटा करून सिमेंट वाचवू नका. हा माझा हिशोब तुमच्या जागेवर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, त्याची फी एका उडालेल्या छपरापेक्षा कमीच असते.

आता लाकडाची यादी. खांबांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत दर १० फुटांवर एक असे ४, एकूण १२. कडेचे ८ खांब ९ फुटी, आढ्याचे ४ खांब १२ फुटी, म्हणजे १० फुटांत ३ फूट उतार मिळतो, पत्र्याला भरपूर आहे. वखारीत लाकूड घनफुटात म्हणजे सीएफटीत विकतात आणि हिशोब सोपा आहे, रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. त्याप्रमाणे ५ बाय ५ इंची खांब सगळे मिळून साधारण २१ घनफूट. ६ बाय ४ च्या तुळया, ३० फुटांच्या तीन ओळी, १५ घनफूट. ५ बाय ३ चे वासे, दर ५ फुटांवर, १३ फुटी १४ नग, १९ घनफूट. वरच्या ३ बाय २ च्या पट्ट्या, एका बाजूला पाच ओळी, सव्वातेरा घनफूट. टेकू पावणेचार. बेरीज ७२, त्यात दहा टक्के कापाकापीचे, ८० धरा. जड लाकूड असेल तर हे दोन टनांच्या आसपास जातं, छोट्या हत्तीच्या एका फेरीत येणार नाही, पिकअपच्या दोन फेऱ्या आधीच बोलून ठेवा.

गोल ओंडका घेऊन कापून घेणार असाल तर मापाची गंमत समजून घ्या. घेराचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग गुणिले लांबी भागिले १४४. ३६ इंच घेर, १० फूट लांबी, तर ९ गुणिले ९ गुणिले १० भागिले १४४ म्हणजे ५.६ घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात सात घनफुटांच्या वर लाकूड असतं, राहिलेलं साल आणि कडा म्हणून सोडून दिलेलं असतं, पण कापल्यावर हातात ५.६ चौकोनी मिळेल असंही नाही, करवतीचा भुसाही तुमचाच.

कोणतं लाकूड? साग उत्तम, पण शेडला सागवान म्हणजे गोठ्याला संगमरवर. ऐन आणि किंजळ ही आपल्याकडची खांबांची जुनी लाकडं, मिळाली तर सोडू नका. वखारीत साल नावाच्या झाडाचं लाकूड किंवा बाहेरून आलेलं हार्डवुड मिळतं, बुटावरच्या खांबांना चालतं. निलगिरीचं आणि सुरूच्या झाडाचं लाकूड वाशांना ठीक, खांबांना माझा अनुभव वर सांगितलाच. बांबू तात्पुरत्या मांडवाला छान, आणि २०१७ पासून वन कायद्यात तो ‘झाड’ राहिलेला नाही त्यामुळे कागदांची कटकट कमी.

न्हावा शेवा बंदर जवळ असल्यामुळे तळोजा-कळंबोली-उरण पट्ट्यात पॅलेट आणि पेट्यांचं पाइन लाकूड मिळतं. त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते मी गुरांच्या गव्हाणीजवळ लावणार नाही. आणि एचटी आहे म्हणून वाळवी लागत नाही असं अजिबात नाही, तापवलं तेव्हाचे किडे मेले एवढंच. छपराखालच्या फळ्या, मांडण्या, पेंढ्याचा माळा, इतपतच वापर करा. जुने वाडे पाडतात तिथलं सागवान हा सगळ्यात गोड सौदा, फक्त करवतीला द्यायच्या आधी चुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा असतोच.

स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायचा मोह होतो. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, जमीन तुमची असली तरी परवानगी लागते, आणि लाकूड हलवायचं तर बहुतेक वेळा वनखात्याचा वाहतूक पास. वखारीतून घेतलंत तरी बिल टेम्पोवाल्याच्या खिशात असू द्या.

वखारीत जाताना सुताराला बरोबर न्या आणि गठ्ठा सोडून एकेक नग बघा. एका वखारीने मला वरचे चार नग सुंदर दाखवले आणि खालून सालीकडचं पांढरट लाकूड भरून पाठवलं, ते मी रात्री उतरवून घेतलं, चूक माझीच. तो पांढरा भाग भुंग्याचं जेवण आहे, सहा महिन्यांत खाली पीठ पडायला लागतं. एका टोकाला डोळा लावून पीळ बघा, टोकांच्या चिरा किती आत गेल्यात बघा, मोठी गाठ वाशाच्या मधोमध खालच्या कडेला नको. ओलाव्याचं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं, २० टक्क्यांच्या खाली असेल तर घ्या. दिवाळीनंतर खरेदी करून सावलीत, मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून ठेवा, मार्चमध्ये काम काढा, मृगाच्या आत छप्पर.

एक आडवाट सांगतो. त्या ३ बाय २ च्या पट्ट्यांऐवजी मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून बॉक्स पाइप आणले. सरळ असतात, वाळवी नाही, आणि पत्र्याचे स्क्रू लोखंडात जास्त घट्ट बसतात. लाकडाची हौस खांब-वाशांवर भागते.

आखणीला गुण्या म्हणजे काटकोन महत्त्वाचा. दोरी लावून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, २० बाय ३० ला ३६ फुटांच्या वर अर्धा-पाऊण इंच यायला हवा, दोन्ही सारखे आले नाहीत तर खड्डा खणू नका. खुर्च्यांची लेव्हल पाण्याच्या नळीने, खांब ओळंब्याने. प्रत्येक कापलेल्या टोकाला आणि भोकाला औषध पुन्हा लावा, बोरिक-बोरॅक्सचं द्रावण छपराखाली चालतं, उघड्यावर पावसात धुऊन जातं. जळकं इंजिन ऑइल लोक सर्रास लावतात, विहीर जवळ असेल तर कृपा करून नको.

वासा तुळईला नुसत्या खिळ्याने ठोकू नका, वर ओढलं की खिळा सुळकन निघतो, लोखंडी पट्टी वळवून बोल्ट मारा. पत्रे टाकायला सुरुवात ईशान्येच्या टोकाकडून करा, म्हणजे जोडाचं तोंड नैऋत्येच्या पावसाला पाठ करून राहतं. स्क्रू रबरी वॉशरचे आणि पत्र्याच्या उंचवट्यावर, नालीत नाही. वळचण दोन फूट बाहेर काढा, खांबांचं आयुष्य तिथेच वाढतं.

पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पाना घेऊन एक चक्कर मारा. लाकूड सुकून आकसलेलं असतं, माझ्या बारा बुटांपैकी सात-आठांचे नट अर्धा फेरा तरी आवळले गेले.