पोकरमध्ये पत्ते दाखवायचे की नाही? या चुका टाळा

गोव्यात मांडवीवरच्या एका कॅसिनो बोटीवर मी जिंकलेला पॉट (डावात जमलेल्या चिप्स) स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देऊन आलोय, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. माझ्या हातातले दोन पत्ते एक्का-पंजी होते. टेबलवरच्या सगळ्यांच्या सामायिक पत्त्यांत फ्लॉप (पहिले तीन) आला पंजी, तिर्री, दुर्री, टर्नला (चौथा) राजा आणि रिव्हरला (पाचवा, शेवटचा) चव्वी. माझं सगळं लक्ष पंजीच्या जोडीवर. समोरच्याने बेट टाकली, मी जरा वैतागूनच कॉल केला (तेवढ्याच चिप्स घातल्या), त्याने राजा-पंजी उघडली, मला तो राजा दिसला आणि मनात म्हटलं संपलं, आणि माझे पत्ते पालथेच डीलरकडे सरकवले. डीलरने ते टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात ओढले आणि चिप्स त्याच्याकडे ढकलल्या. मग शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, काय होतं तुमच्याकडे? मी सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, फक्त टेबलवरच्या दुर्री, तिर्री, चव्वीवर एकेक करून बोट ठेवत गेले. एक्का ते पंजी, अख्खी स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) होती माझी, त्याच्या दोन जोड्यांपेक्षा भारी.

ढिगात (त्याला मक म्हणतात) गेलेला हँड (म्हणजे तुमचे पत्ते) मेला, मग तो कितीही भारी असो. त्या दिवसापासून पत्ते कधी उघडायचे आणि कधी नाही यावर मी जेवढा विचार केलाय तेवढा ब्लफवर (हलक्या पत्त्यांवर मोठी बेट टाकून समोरच्याला पळवणं) पण केला नसेल.

मुळात हे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि आपल्याकडे बहुतेक घोळ ते एकत्र केल्यामुळे होतो. एक, रिव्हरनंतर दोघं-तिघं उरले आणि पत्ते जुळवायची वेळ आली, म्हणजे शोडाऊन. दोन, तुमच्या बेटवर सगळ्यांनी फोल्ड केलं (पत्ते टाकून डाव सोडला) आणि पॉट तसाच तुमचा झाला. पहिल्यात पत्ते दाखवायचे. दुसऱ्यात दाखवायची काहीही गरज नसते. लोक नेमकं उलटं करतात, शोडाऊनला लाजून पत्ते टाकून देतात आणि फोल्डनंतर कोणी विचारलं नसताना उघडून दाखवतात.

चूक पहिली: शोडाऊनला पत्ते न उघडता टाकणं

जिथे शंका आहे तिथे दोन्ही पत्ते टेबलवर सुलटे ठेवा आणि गप्प बसा. नियम असा आहे की बोलणं नाही, पत्ते बोलतात. तुम्ही तोंडाने 'माझी फक्त जोडी आहे' म्हणालात आणि पत्त्यांत स्ट्रेट असली तर स्ट्रेटच धरली जाते, पण त्यासाठी दोन्ही पत्ते उघडे हवेत, एकच दाखवून शोडाऊनचा पॉट मागता येत नाही. तसंच समोरचा नुसता 'फ्लश' (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) म्हणाला म्हणून आपले पत्ते सोडायचे नाहीत, चारच इस्पिक आणि एक किलवर निघालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. त्याने उघडू दे, तुम्ही स्वतः मोजा, मग ठरवा. आणि पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत पत्त्यांवरचा हात काढू नका, उघडे असले तरी.

ही चूक अॅपवर शिकलेल्यांकडून जास्त होते. अॅपमध्ये सॉफ्टवेअर आपोआप हँड वाचून पॉट द्यायचं, त्यामुळे स्वतः वाचायची सवयच लागली नाही. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले आणि त्यातले काहीजण आता खऱ्या टेबलवर येतात, तिथे तुमची स्ट्रेट तुम्हालाच दिसली नाही तर हातातून सोडल्यावर ती कोणी परत आणून देत नाही.

'तू आधी दाखव, तू आधी दाखव' हे पण बंद करा. रिव्हरला शेवटची बेट किंवा रेझ (वाढवलेली बेट) ज्याने केली तो आधी उघडतो. रिव्हरला सगळ्यांनी चेक केलं (कोणी बेट टाकलीच नाही) असेल तर डीलर बटणाच्या (वाटप कोणाचं ते दाखवणाऱ्या चकतीच्या) डाव्या बाजूने जो पहिला उरलाय तो. त्याने जिंकणारा हँड उघडला आणि तुमचा नक्की हरलेला आहे (नक्की म्हणजे दोनदा बघून नक्की) तर तुम्ही न दाखवता टाकू शकता, तो तुमचा हक्क आहे आणि तो वापरा, कारण तुम्ही कुठल्या पत्त्यांवर कॉल करता ही माहिती फुकट का द्यायची. टुर्नामेंटमध्ये मात्र कोणी ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स घातल्या) आणि पुढे बेटिंग शिल्लक नाही तर सगळ्यांचे पत्ते लगेच उघडे करावे लागतात, तिथे पर्याय नाही. कॅश गेमला (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) बऱ्याच ठिकाणी अशी सक्ती नसते.

जिंकणारा हँड हातात असताना मुद्दाम वेळ लावून, समोरच्याला चिप्सकडे हात न्यायला लावून मग उघडणं, याला स्लो रोल म्हणतात आणि हे करू नका. नियमात बसतं पण माणूस दुखावतो. बाकी काही लिहायचं नाही यावर.

चूक दुसरी: ब्लफ दाखवून मग परत ब्लफ मारणं

माझ्या मावसभावाने मागच्या दिवाळीत सत्ती-दुर्रीवर सगळ्यांना पळवलं. पैसे नव्हते, नुसत्या चिप्स, हरेल त्याच्याकडून मिसळ. सगळे फोल्ड झाल्यावर त्याने ते दोन्ही पत्ते असे टेबलच्या मधोमध आपटले की चहाचा कप हलला, आणि सगळे ओरडले, टाळ्या पडल्या, त्याच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा होता. पुढच्या वीस मिनिटांत त्याने आणखी दोनदा ब्लफ मारला आणि दोन्ही वेळा त्याला काकांनी कॉल केला, एकदा तर नुसत्या अठ्ठीच्या जोडीवर.

यात काकांची कमाल वगैरे काही नाही, साधं गणित आहे. समजा पॉटमध्ये १००० च्या चिप्स आहेत आणि तुम्ही १००० ची बेट टाकली. समोरच्याला १००० घालून २००० मिळवायचे आहेत, म्हणजे तीनपैकी एकदा जरी तो बरोबर निघाला तरी त्याचं नुकसान नाही. आता तुम्ही ब्लफ दाखवल्यावर त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की हा तीनपैकी एकदा तर नक्कीच हवेत मारतो. मग तो फोल्ड का करेल? म्हणजे ब्लफ दाखवलात तर पुढचा अर्धा-पाऊण तास तुमच्या ब्लफची किंमत शून्य, आणि तुमच्या चांगल्या पत्त्यांची किंमत वाढलेली. दाखवायचाच असेल तर त्या वाढलेल्या किमतीसाठी दाखवा, त्यानंतर भारी पत्त्यांवर मोठी बेट टाका, लोक पैसे देतील. टाळ्यांसाठी दाखवला तर मिसळ तुमच्याकडे.

उलट बाजू पण आहे. भारी पत्ते दाखवून 'बघा, मी खरा खेळतो' असं केलं तर लोक तुमच्या बेटला मान द्यायला लागतात, मग ब्लफ चालतो. पण तेच भारी पत्ते न दाखवता ठेवले असते तर पुढच्या वेळी कोणीतरी कुतूहलाने कॉल करून पैसे दिले असते, हे लोक मोजत नाहीत. मला विचाराल तर घरच्या टेबलवर, जिथे सगळ्यांना कॉल करायचा मोह असतोच, तिथे भारी पत्ते दाखवून लोकांना सावध करणं म्हणजे निव्वळ नुकसान.

आणि तिसरा प्रकार, मोठा फोल्ड दाखवणं. 'बघ, गुलामांची जोडी सोडली मी' म्हणून दाखवायचं, शाबासकी हवी असते. शाबासकी मिळते आणि टेबलला हेही कळतं की तुम्हाला जोरात धक्का दिला की तुम्ही गुलामांची जोडी पण सोडता.

चूक तिसरी: फक्त शेजाऱ्याला दाखवणं

ही आपली तीन पत्तीची खोड. तिथे साइड शो असतो, दोघंजण आपापसात पत्ते बघतात, तिसऱ्याला काही कळत नाही आणि ते नियमातच असतं. पोकरमध्ये असं नाही. एकाला दाखवले तर सगळ्यांना बघायचा हक्क आहे, आणि टेबलवरचा कोणीही डीलरला सांगून ते उघडायला लावू शकतो. डाव चालू असताना फोल्ड करताना शेजाऱ्याला दाखवले आणि तो अजून खेळत असेल तर ते बाकीच्यांवर सरळ अन्याय आहे, टुर्नामेंटमध्ये यावर पेनल्टी बसते.

पत्ते न दाखवता पण पत्ते दाखवले जातात हे लक्षात घ्या. तुम्ही अठ्ठी फोल्ड केली, फ्लॉपला दोन अठ्ठ्या आल्या आणि तुमच्या तोंडून 'अरेरे!' निघालं. झालं, जो अठ्ठीचा ब्लफ मारणार होता त्याचा डाव तुम्ही मोडला आणि ज्याला शंका होती त्याची शंका घालवली. फोल्ड केल्यावर डाव संपेपर्यंत चेहरा आणि तोंड दोन्ही आवरायचं, चहा प्या, फोन बघा, काहीही करा.

बोलूनही जिंकता येतं म्हणून इथे लोक जेमी गोल्ड या खेळाडूचं उदाहरण देतात. २००६ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेची मेन इव्हेंट (मुख्य टुर्नामेंट), ८,७७३ खेळाडू, १ कोटी २० लाख डॉलरचं पहिलं बक्षीस, आणि हा माणूस अख्खी टुर्नामेंट बडबड करत, स्वतःच्या पत्त्यांबद्दल कधी खरं कधी खोटं सांगत जिंकला. शेवटच्या डावात त्याच्याकडे राणी-नव्वी, समोर दश्शीची जोडी, फ्लॉप राणी-अठ्ठी-पंजी, आणि समोरच्याने सगळ्या चिप्स घातल्या. पण गोल्डपुढे चिप्सचा डोंगर होता, समोरचा चुकला तर बाहेर जाणार होता आणि हा चुकला तरी खेळात राहणार होता. आपल्यापुढे तो डोंगर नसतो. शिवाय दोनपेक्षा जास्त जण डावात असताना पत्त्यांबद्दल बोलणं आता टुर्नामेंटमध्ये चालवून घेत नाहीत.

चूक चौथी: हरलेल्याचे पत्ते बघायला मागणं

नियमात बऱ्याच ठिकाणी याची सोय आहे, पण ती दोघांनी मिळून बाकीच्यांना फसवू नये म्हणून आहे, तुमच्या उत्सुकतेसाठी नाही. आणि एक धोका बहुतेकांना माहीतच नसतो. अनेक पोकर रूममध्ये जिंकणाऱ्यानेच हरलेल्याचे पत्ते बघायला मागितले तर ते पत्ते परत जिवंत धरतात, आणि ते तुमच्यापेक्षा भारी निघाले तर पॉट त्याचा. माझी ती एक्का-पंजी आठवा, समोरच्याने 'दाखव बघू' म्हटलं असतं तर अशा रूममध्ये पॉट मला मिळू शकला असता. त्याने नाही मागितलं, शहाणा माणूस.

चूक करून बसलात तर

खेळताना पत्ता चुकून उलटला, समोरच्याला दिसला: लपवालपवी करू नका, डीलरला सांगा, तो पत्ता सगळ्यांना दाखवा आणि पुढे खेळा. स्वतःच्या हातून उलटलेल्या पत्त्यामुळे सहसा हँड मरत नाही, फक्त आता सगळ्यांना माहीत आहे हे धरून खेळायचं.

ब्लफ दाखवून बसलात: पुढे ब्लफ बंद, थेट. नवीन माणूस टेबलवर येऊन बसला तर त्याने तो ब्लफ बघितलेला नाही, त्याच्याविरुद्ध नेहमीसारखं खेळा.

मोठा फोल्ड दाखवून बसलात: आता तुमच्यावर ब्लफ येणार, तेव्हा एरवी सोडता त्या मधल्या जोड्यांवर थोडे जास्त कॉल करा.

घरी खेळत असाल तर पत्ते पिसायच्या आधी तीन गोष्टी बोलून घ्या, आम्ही आता कागदावर लिहून फ्रीजला लावतो. शोडाऊनला दोन्ही पत्ते उघडायचे, एकाला दाखवले तर सगळ्यांना, आणि ढिगाला लागलेला पत्ता गेला. मावसभावाने यावर्षी चौथी ओळ घालायला लावलीय, पत्ते आपटायच्या आधी चहाचे कप उचलायचे.